७५ वर्षांचा संगीतकार, १६ वर्षांचा पोरगा आणि ५० मिनिटांची अजरामर रेकॉर्ड

साल १९३२, तारीख १४ जुलै. ठिकाण लंडनमधलं अॅबी रोड.

हो, तेच अॅबी रोड. ज्याच्या बाहेरच्या झेब्रा क्रॉसिंगवर बीटल्सच्या चौघांनी १९६९ साली फोटो काढला आणि तो रस्ता जगप्रसिद्ध झाला. पण बीटल्स तिथे पोहोचायच्या तीस वर्षं आधी त्याच स्टुडिओत एक वेगळीच जोडी उभी होती. एक होते ७५ वर्षांचे, पांढऱ्या मिशांचे, निवृत्त लष्करी अधिकाऱ्यासारखे दिसणारे गृहस्थ. दुसरा होता १६ वर्षांचा अमेरिकन पोरगा, हातात व्हायोलिन घेतलेला.

म्हातारे होते सर एडवर्ड एल्गार आणि पोरगा होता येहुदी मेन्युहिन. दोन दिवसांत त्या दोघांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर जी रेकॉर्ड केली, ती आज नव्वद वर्षांनंतरही ऐकली जाते. तिची लय बरोबर की चूक यावर रसिक अजूनही हुज्जत घालतात.

पण या रेकॉर्डची गंमत कळायची असेल तर आधी एल्गार हा माणूस कोण होता ते बघावं लागेल.

दुकानदाराचा पोरगा

एडवर्ड एल्गारचा जन्म २ जून १८५७ चा. म्हणजे इकडे भारतात उठाव पेटलेला असताना तिकडे इंग्लंडमध्ये वूस्टर शहराजवळच्या ब्रॉडहीथ नावाच्या खेड्यात तो जन्माला आला. वडील पियानो ट्यून करायचे आणि वूस्टरमध्ये त्यांचं वाद्यांचं आणि संगीताच्या पुस्तकांचं दुकान होतं. एडवर्डचं संगीताचं शिक्षण झालं ते याच दुकानात. पुस्तकं उघडायची, स्वरलिपी वाचायची, हाताला लागेल ते वाद्य वाजवून बघायचं.

१५ व्या वर्षी शाळा सुटली. घरच्यांनी एका वकिलाच्या ऑफिसात कारकुनीला बसवलं. ते त्याला मानवलं नाही आणि वर्षभरात नोकरी सोडून तो व्हायोलिनच्या शिकवण्या घेऊ लागला. मोठा व्हायोलिनवादक व्हायचं त्याचं स्वप्न होतं. त्यासाठी पैसे साठवून तो लंडनला जाऊन शिकूनही आला. पण थोर वादकांची व्हायोलिनं ऐकल्यावर आपला आवाज तेवढा भरदार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि स्वप्न मागे पडलं.

मग पोटासाठी मिळेल ते काम. त्यातलं एक काम तर फारच वेगळं होतं. १८७९ पासून पुढची पाच वर्षं तो वूस्टरजवळच्या पॉविक इथल्या मनोरुग्णालयात बँडमास्तर होता. तिथल्या कर्मचाऱ्यांचा बँड होता आणि रुग्णांसाठी नाचाचे कार्यक्रम व्हायचे, त्यासाठी एल्गार धून रचून द्यायचा. जी दोन-चार वाद्यं हाताशी असतील त्यांच्यात संगीत बसवायचं. वाद्यवृंदासाठी लिहायचं कसं, हे तो कुठल्याही कॉलेजात नाही तर इथे शिकला.

भुजमध्ये जन्मलेली बायको

आता या गोष्टीत भारत येतो.

एल्गारकडे शिकवणीला येणाऱ्यांत कॅरोलाइन अॅलिस रॉबर्ट्स नावाची एक बाई होती. तिचा जन्म १८४८ सालचा आणि तोही कच्छमधल्या भुजचा. वडील सर हेन्री रॉबर्ट्स हे मुंबई इलाख्याच्या सैन्यातले अधिकारी. पुढे ते मेजर जनरल झाले. म्हणजे मुलगी बड्या लष्करी घराण्यातली आणि एल्गार एका दुकानदाराचा मुलगा. ती प्रोटेस्टंट, तो कॅथलिक. वर ती त्याच्यापेक्षा जवळपास नऊ वर्षांनी मोठी.

नातेवाइकांनी नाकं मुरडली. तरी १८८९ च्या मे महिन्यात दोघांनी लग्न केलं.

अॅलिस स्वतः कविता आणि कादंबरी लिहिणारी बाई होती. लग्नानंतर तिने नवऱ्याचं संगीत हेच आपलं काम मानलं. स्वरलिपीचे छापील कागद महाग पडायचे, म्हणून ती साध्या कागदावर पाच-पाच रेघा हाताने आखून द्यायची. एल्गारचा स्वभाव हळवा, चिडका आणि लगेच निराश होणारा. तो हातातलं काम टाकून द्यायला निघाला की ती त्याला पुन्हा टेबलाशी बसवायची.

आणि एक दिवस नशीब फिरलं. १८९९ च्या जून महिन्यात लंडनमध्ये त्याची एनिग्मा व्हेरिएशन्स ही रचना पहिल्यांदा वाजली. एल्गार तेव्हा ४२ वर्षांचा होता. त्यानंतर १९०१ साली पॉम्प अँड सर्कमस्टन्स मालिकेतलं पहिलं मार्च आलं, १९०४ मध्ये सर हा किताब मिळाला आणि १९०८ मध्ये पहिली सिम्फनी आली. ही सिम्फनी तर साधारण वर्षभरात शंभरेक वेळा वेगवेगळ्या देशांत वाजली. दुकानदाराचा पोरगा आता इंग्लंडचा सगळ्यात मोठा संगीतकार झाला होता.

पांढरी सातची उदासी

अशा ऐन भरात असताना त्याने व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहायला घेतला.

कॉन्चेर्टो म्हणजे काय? एक एकल वादक आणि समोर अख्खा वाद्यवृंद. कधी दोघांचा संवाद, कधी जुगलबंदी, कधी भांडण. हा कॉन्चेर्टो फ्रिट्झ क्रायस्लर या त्या काळच्या अव्वल व्हायोलिनवादकाला अर्पण केलेला आहे. लिहिताना अडचण आली की एल्गार लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या डब्ल्यू. एच. रीड या व्हायोलिनवादकाला घरी बोलवायचा. खोलीभर कागद पसरलेले असायचे. रीड एकेक तुकडा वाजवायचा, एल्गार पियानोवर साथ करायचा, आणि बोटं कुठून कशी न्यायची हे ठरायचं.

१० नोव्हेंबर १९१० रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला. व्हायोलिनवर क्रायस्लर आणि ऑर्केस्ट्रासमोर स्वतः एल्गार. लोकांनी कार्यक्रम डोक्यावर घेतला.

या रचनेची पट्टी आहे बी मायनर. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर षड्ज पांढरी सातला. मायनर म्हणजे गंधार कोमल. मायनरची मूळ स्वरपंगत बघितली तर ती आपल्या आसावरी थाटाशी जुळते, म्हणजे गंधार, धैवत आणि निषाद कोमल. अर्थात हा राग नव्हे. पाश्चात्त्य संगीतात पट्टी वाटेत बदलत राहते आणि तो बदल हाच कथानकाचा भाग असतो. पण कोमल गंधाराने मनात जी हुरहुर लागते, ती इथेही लागते.

रचनेचे तीन भाग आहेत. पहिला आलेग्रो, म्हणजे चालत्या लयीतला. सुरुवातीला तीन-साडेतीन मिनिटं नुसता ऑर्केस्ट्रा वाजतो आणि मग व्हायोलिन येतं. ते थाटात येत नाही. ऑर्केस्ट्राने अर्धवट सोडलेलं वाक्य खालच्या सुरात पूर्ण करत येतं. बोलणं चालू असताना कुणी हळूच येऊन शेजारी बसावं आणि तुमचं वाक्य पुरं करावं, तसं.

दुसरा भाग आंदान्ते, म्हणजे संथ. इथे पट्टी बदलून बी फ्लॅट मेजर होते. म्हणजे षड्ज पांढरी सातवरून अर्धा सूर उतरून काळी पाचला येतो आणि गंधार शुद्ध होतो. एवढ्या छोट्या हालचालीने सगळा प्रकाशच बदलतो. खोलीतला झगझगीत दिवा मालवून कुणी समई लावावी तसं वाटतं.

तिसरा भाग वेगवान आहे. पण शेवट जवळ आला असताना एल्गार अचानक सगळं थांबवतो.

इथे येते कादेन्झा. कादेन्झा म्हणजे एकल वादकाला दिलेली मोकळी जागा. बहुतेक कॉन्चेर्टोंमध्ये या वेळी ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि वादक आपली तयारी दाखवतो. एल्गारने इथे उलटं केलं. ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिन-चेलोवाल्यांनी गज न वापरता बोटांच्या टोकांनी तारा हलक्या छेडत राहायच्या, अशी सूचना त्याने लिहिली. तंबोऱ्याच्या गुंजनासारखी एक साय मागे तरंगत राहते आणि तिच्यावर व्हायोलिन आधीच्या भागांतल्या धुना एकेक करून आठवत बसतं. तयारी दाखवायच्या जागी एल्गारने आठवणी ठेवल्या.

त्यानंतर संगीत पुन्हा वेग घेतं आणि अगदी शेवटी बी मेजरमध्ये जाऊन संपतं. षड्ज तोच पांढरी सातचा, पण गंधार आता शुद्ध.

या रचनेच्या सुरुवातीला एल्गारने एक स्पॅनिश ओळ लिहून ठेवली आहे. हिच्यात कुणाचा तरी आत्मा जपून ठेवला आहे, असा तिचा अर्थ. कुणाचा? तिथे नावाऐवजी पाच टिंबं आहेत. बहुतेक अभ्यासक अॅलिस स्टुअर्ट-वर्टली या मैत्रिणीकडे बोट दाखवतात. एल्गार तिला एका रानफुलाच्या नावाने हाक मारायचा आणि या कॉन्चेर्टोतल्या काही धुनांनाही त्याने तेच नाव दिलं होतं. काही जण मात्र त्याच्या तरुणपणी मोडलेल्या साखरपुड्याकडे बघतात. एल्गारने उत्तर कधीच दिलं नाही.

आणि मग जग बदललं

पहिलं महायुद्ध आलं. चार वर्षांत युरोपची एक अख्खी पिढी संपली. युद्धानंतर लोकांना जुन्या इंग्लंडचं भारदस्त संगीत नकोसं झालं. १९१९ मध्ये एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो आला. आज तो जगभर वाजतो, पण तेव्हा तालमीला पुरेसा वेळ मिळाला नाही आणि पहिला प्रयोग पार फसला.

पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १९२० ला अॅलिस गेली.

कागदावर रेघा आखून देणारी, टेबलाशी बसवणारी बाईच राहिली नाही. त्यानंतर एल्गारने एकही मोठी रचना पूर्ण केली नाही. कुत्री पाळली, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावले, घरी रसायनांचे प्रयोग केले. राजाच्या दरबारी संगीतप्रमुखाचं पद मिळालं. पण नव्या पिढीच्या लेखी तो मिशीवाला, गेल्या जमान्यातला माणूस होता.

एका गोष्टीत मात्र हा जुना माणूस सगळ्यांच्या पुढे होता. ती गोष्ट म्हणजे ग्रामोफोन.

चार मिनिटांचं गणित

त्या काळी बरेच मोठे संगीतकार ग्रामोफोनला खेळणं समजायचे. एल्गारने १९१४ सालीच पहिलं रेकॉर्डिंग केलं होतं. तेव्हा माइक नव्हते. एका मोठ्या कर्ण्यासमोर वादकांनी दाटीवाटीने बसायचं आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. १९१६ मध्ये त्याने मेरी हॉल या व्हायोलिनवादक बाईंबरोबर हा कॉन्चेर्टो याच पद्धतीने रेकॉर्ड केला. पण किती? पन्नास मिनिटांची रचना कापून कापून चार बाजूंत बसवली. बोटांनी छेडलेल्या तारांचा नाजूक आवाज कर्ण्याला पकडता येईना, म्हणून कादेन्झात चक्क हार्प घातली.

१९२५ च्या सुमारास माइक आणि विजेवरचं रेकॉर्डिंग आलं आणि चित्र पालटलं. एचएमव्ही कंपनीने एल्गारकडून त्याच्या मोठ्या रचना एकेक करून रेकॉर्ड करून घ्यायला सुरुवात केली. १९३१ च्या नोव्हेंबरमध्ये अॅबी रोड स्टुडिओ सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला ऑर्केस्ट्रासमोर एल्गारच उभा होता.

व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या रेकॉर्डिंगमागे होता एचएमव्हीचा फ्रेड गायसबर्ग. हे नाव भारतातल्या जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांना नक्की माहीत असतं. १९०२ साली कलकत्त्याला येऊन गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरवणारा माणूस तो हाच. गायसबर्गला आधी क्रायस्लरच हवा होता, पण क्रायस्लर काही दाद देईना. त्याने ही रचना कधीच रेकॉर्ड केली नाही. मग गायसबर्गची नजर १६ वर्षांच्या मेन्युहिनवर गेली. या पोराने अमेरिका आणि युरोपात नाव कमावलं होतं, पण एल्गारच्या इंग्लंडशी त्याचा काही संबंध नव्हता.

रेकॉर्डिंगच्या आधी मेन्युहिन एल्गारला भेटला. सोबत पियानोवर आयव्हर न्यूटन. मेन्युहिनने पुढे आयुष्यभर सांगितलेल्या आठवणीनुसार, त्याने व्हायोलिनच्या प्रवेशापासून थोडंसं वाजवलं तेवढ्यात एल्गारने थांबवलं. पोराला सगळं समजलंय, काही सांगायची गरज नाही, असं म्हणून म्हातारबुवा घोड्यांच्या शर्यतीला निघून गेले. न्यूटनच्या आठवणीत त्या दिवशी वाजवणं यापेक्षा बरंच जास्त झालं होतं. काही असो, एल्गारने पोरावर विश्वास टाकला एवढं खरं.

आता खरं आव्हान समजून घ्या. तेव्हाच्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेचार मिनिटं मावायची. म्हणजे कॉन्चेर्टोचे बारा तुकडे, सहा तबकड्या. दर चार मिनिटांनी थांबायचं, नवं मेण लागायचं, आणि पुन्हा त्याच लयीत, त्याच जोरात, त्याच मूडमध्ये सुरू करायचं. एडिटिंग नावाचा प्रकार नव्हता. एक सूर घसरला की अख्खी बाजू परत. आणि मेणावर उतरलेलं लगेच वाजवून बघितलं तर सुईने ते मेणच खराब व्हायचं.

एवढ्या तुकड्यांतून भाव सलग राहिला, हेच या रेकॉर्डचं मोठेपण.

मग भांडण कशाचं?

लयीचं.

तीनच वर्षं आधी, १९२९ साली, अल्बर्ट सॅमन्स या इंग्लिश व्हायोलिनवादकाने हेन्री वूडबरोबर हाच कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला होता. तो साधारण ४३ मिनिटांत संपतो. मेन्युहिन आणि एल्गारला लागतात जवळपास ५० मिनिटं. पुढे १९४९ मध्ये यासा हायफेट्झने केलेली रेकॉर्ड तर ४२ मिनिटांच्या आसपासची.

सात-आठ मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ख्याल ऐकणाऱ्याला विचारा. विलंबित किंचित पुढे ढकललं तरी बंदिशीचा चेहरा बदलतो. सॅमन्सच्या लयीत ही रचना ताठ मानेने चालते. दुःख आहे, पण ते चारचौघांत दाखवायचं नाही. मेन्युहिनच्या लयीत ती मधेच थबकते, मागे वळून बघते. संथ भागात आणि कादेन्झात तर घड्याळ थांबल्यासारखं वाटतं.

सॅमन्सच्या बाजूचे लोक म्हणतात, एल्गारचा खरा स्वभाव हाच, कारण आपल्या इतर बऱ्याच रचना तो स्वतः झपाट्याने वाजवायचा. मेन्युहिनच्या बाजूचे लोक म्हणतात, ऑर्केस्ट्रासमोर रचनाकार स्वतः उभा होता, आणखी काय पुरावा हवा?

याचं उत्तर एल्गारच्या कागदांत आणि तबकड्यांत मिळून आहे. त्याने स्वरलिपीत जागोजागी सूचना लिहिल्या आहेत. इथे थोडं रेंगाळा, इथे सावरा, इथे पुढे व्हा. मेट्रोनोमचे आकडेही दिले आहेत. पण स्वतः ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला की तो त्या आकड्यांना बांधून घ्यायचा नाही. समोरचा वादक कसा श्वास घेतो ते बघून लय मागेपुढे करायचा. १९१० साली ५३ वर्षांच्या एल्गारने लिहिलेली रचना १९३२ साली ७५ वर्षांचा, बायको आणि आपलं जग दोन्ही गमावलेला एल्गार वाजवत होता. त्याला ती तेव्हा थोडी संथ वाटली असेल तर त्यात नवल काय?

शेवटची दोन वर्षं

रेकॉर्ड गाजली. नोव्हेंबर १९३२ मध्ये दोघांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हा कॉन्चेर्टो वाजवला. पुढच्या मे महिन्यात पॅरिसला कार्यक्रम ठरला तेव्हा एल्गार आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. त्या फेरीत तो आंधळ्या आणि लुळ्या झालेल्या डेलियस या संगीतकारालाही भेटून आला.

विसरलेल्या म्हाताऱ्यात पुन्हा जीव आला होता. बीबीसीने तिसरी सिम्फनी लिहायला सांगितली आणि त्याने कामही सुरू केलं. पण १९३३ च्या शेवटी कॅन्सर असल्याचं निदान झालं. सिम्फनी अपुरीच राहिली. उरलेले कागद घेऊन अँथनी पेन या संगीतकाराने ती पुढे पूर्णत्वाला नेली आणि १९९८ मध्ये ती पहिल्यांदा वाजली.

२२ जानेवारी १९३४ ला लंडनमध्ये एल्गारच्या संगीताचं रेकॉर्डिंग होतं आणि तो वूस्टरमधल्या घरी अंथरुणाला खिळलेला होता. गायसबर्ग आणि मंडळींनी टेलिफोनची लाइन जोडून स्टुडिओतला आवाज त्याच्या खोलीत पोहोचवला. एल्गार पडल्या पडल्या ऐकत होता आणि लय कशी हवी याच्या सूचना देत होता.

बरोबर एक महिना आणि एका दिवसाने, २३ फेब्रुवारी १९३४ ला तो गेला. लिटल मॉलव्हर्न इथे भुजमध्ये जन्मलेल्या अॅलिसच्या शेजारीच त्याचं दफन झालं.

मेन्युहिन पुढे जगातल्या सगळ्यात मोठ्या वादकांत गणला गेला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला, इथल्या संगीताच्या प्रेमात पडला आणि पंडित रविशंकरांबरोबरचा त्यांचा वेस्ट मीट्स ईस्ट हा अल्बम ग्रॅमी घेऊन गेला.

१९३२ ची ती रेकॉर्ड आज मोबाइलवर सहज मिळते. आवाज जुना आहे, थोडी खरखर आहे. ऐकायची झाली तर आधी तिसऱ्या भागातली कादेन्झा ऐका. मागे हलकेच छेडल्या जाणाऱ्या तारा आहेत, आणि सुरांमधून सुरांवर घसरत जाणारं, आपल्या मींडेची आठवण करून देणारं १६ वर्षांच्या पोराचं व्हायोलिन आहे. आणि त्याला घाई करू न देणारा ७५ वर्षांचा माणूस आहे. तो रेकॉर्डवर कुठेच ऐकू येत नाही, पण प्रत्येक सुराला जागा करून देणारा तोच आहे.